नाव येईपर्यंत

आमच्या अंबरनाथच्या शाळेत चिठ्ठी टाकायची ठरलेली पद्धत आहे. स्टीलचा डबा, घड्या घातलेले कागद आणि डोळे मिटून हात घालायला बालवाडीतली एखादी चिमुरडी. यंदा ही पद्धत मीच मोडली. सगळ्या नववी ब समोर उभी राहून, न अडखळता म्हणाले, "मॅडम, घडी ओळखता येते. कंप्युटरला कोणाची घडी माहीत नसते!"

गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'यस मॅडम' म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. यंदा प्रोग्रॅमिंग जमायला लागलं आणि मी काय बोलायला लागले, बाप रे! शीला मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बरं बाई, तू कर."

प्रश्न होता पुण्याच्या पाच दिवसांच्या रोबोटिक्स शिबिराचा. शाळेला जागा एकच, आणि चाचणीत सारखे मार्क मिळालेले आम्ही अकरा जण.

घरी बसून मी प्रोग्रॅम लिहिला. अकरातून एक नाव काढ, पडद्यावर दाखव, निघालेल्या नावांच्या यादीत टाक. तो नीट चालला. मग मी आणखी एक ओळ घातली : आलेलं नाव अनुया नसेल तर परत काढ. अनुया येईपर्यंत काढतच राहा.

अनुया म्हणजे मी.

तेव्हा लाज नाही वाटली. खरंच नाही. वाटलं, शिबिर कंप्युटरचं, वर्गात कंप्युटर येतो मला, मग यात कोणाचं काय जातंय?

शुक्रवारी प्रोजेक्टरवर नावं भराभर पळायला लागली. मुलं ओरडत होती, बाकं बडवत होती. त्यांना वाटलं, ही नुसती सजावट आहे. पण पळणारं प्रत्येक नाव ही खरी निघालेली चिठ्ठी होती, जी मी फेकून देत होते. शेवटी 'अनुया' आलं आणि थांबलं. टाळ्या! धर्मेशने तर शिट्टी मारली.

लॅपटॉप बंद करताना सहज यादी उघडली. सतरा नावं, काही परत परत आलेली. सतरावं माझं. पहिलं रिद्धी भोईर.

ते मी परत वाचलं. आता 'कोणाचं' या शब्दाला नाव होतं. रिद्धी बदलापूरच्या पुढच्या गावातून येते, माझ्या मागच्या बाकावर बसते. तेवढ्यात तीच धावत आली.

"काय नशीब गो तुझं! जाम भारी केलंस. मना पण शिकव ना."

"शिकवीन की," मी म्हटलं. माझा आवाज गेल्या वर्षीचा झाला होता.

"आत्ता दाखव. परत लाव एकदा."

"कशाला? झालं ना आता."

"आगं, बघू दे ना!" म्हणत तिने स्वतःच बटण दाबलं.

नावं पळाली. अनुया.

"परत तूच!" ती खदखदून हसली. "देवाला दुसरं कोणी दिसत नाय काय?" तिने परत दाबलं. या वेळी नावं खूप वेळ पळत राहिली. दुसऱ्या कोणाच्याही नावावर थांब, असं मी मनात म्हणत होते. थांबणार नाही हे मला सोडून कोणाला माहीत असणार?

अनुया.

तिसऱ्यांदा दाबायला गेली तेव्हा ती हसत नव्हती. बटणावरचं बोट तिने उचललं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गणित चुकल्यावर आपण वहीकडे बघतो ना, तसं.

"हे दरवेळी तुझंच येणार ना?"

मान खाली घालूनच मी मघाची यादी तिच्यासमोर उघडली. तिने बोट ठेवत वाचली. "रिद्धी. तेजस्वी. उन्मेष. धर्मेश..." मग बोट परत वर गेलं. "पहिलं माझं आलेलं?"

"हो."

"मी तर टाळ्या वाजवल्या तुझ्यासाठी."

सॉरी म्हटलं, पण ते इतकं हलकं वाटलं की परत म्हणवेना. ती उठली. "शीला मॅडम असतील स्टाफरूममध्ये. तू सांगतेस का मी सांगू?"

"मी."

मॅडम ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला, शिबिराच्या फॉर्मवरचं माझं नाव खोडून रिद्धीचं लिहिलं आणि म्हणाल्या, "मला सांगितलंस. बाकीच्या नऊ जणांचं काय?"

शनिवारी पहिल्या तासाला फळ्यापाशी उभी राहिले. एक ओळ घातली होती, ती काय करायची आणि पहिलं नाव कोणाचं होतं, सगळं सांगितलं. मग धर्मेश उभा राहिला.

"म्हणजे काल आम्ही येडे होऊन ओरडत होतो, तेव्हा तुला माहीत होतं?"

वाटलं, म्हणावं की रिद्धीचं नाव नंतर बघितलं, मुद्दाम तिची जागा नाही घेतली. ते खरंही होतं. पण त्याने ते विचारलंच नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."