पायगुणाचे बूट

मी एक बूट बोलतोय. उजव्या पायाचा. डावा शेजारीच आहे, पण त्याचा स्वभाव अबोल. एकाने बोलायचं आणि एकाने ऐकायचं, हे आमच्या जोडीत पहिल्यापासून ठरलेलं. रंग काळा, टोक चकचकीत, नाडीवाला. केदारखेड्यात मला लहानथोर ओळखतात. बुटासारख्या बुटाला इतका मान कसा मिळाला, ते सांगतो.

जन्म माझा आग्र्याकडचा, असं खोक्यावर छापलं होतं. पण मला शुद्ध आली ती जुन्या जालन्यात, मस्तगडाजवळच्या एका दुकानात. तिथून रखमाजींच्या कल्याणने मला मुलाखतीसाठी विकत घेतलं. तोवर त्याने पायात चपलेशिवाय काही घातलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो चिखलातून पाय उपसल्यासारखा चालला. पहिल्या मुलाखतीत आपटला, दुसरीतही आपटला. तिसरीत मात्र वाळूजच्या कारखान्यात त्याचं काम झालं. मग गल्लीतल्या बद्रीनाथने मला मागून नेलं आणि त्यालाही लगेच नोकरी लागली. झालं! कल्याणची आई दुर्गाबाई हापशावरच्या बायकांना सांगत सुटली, "त्या बुटाचा पायगुणच हाय तसा."

तेव्हापासून मी रोज घालायची वस्तू उरलो नाही. मला फडक्यात गुंडाळून, खोक्यात घालून धान्याच्या कोठीवर ठेवलं जाऊ लागलं. लग्नाला कुणी मागितलं तर दुर्गाबाई हाकलून लावायची. मुलाखत असेल तरच, आणि निकाल लागल्यावरच परत करायचं.

खरं सांगतो, मला घमेंड चढली. मला वाटायचं, तोंड तेवढं पोराचं, बाकी सगळी करणी माझी. मुलाखतीत माणूस वरून हसत असतो, 'येस सर, येस सर' करत असतो आणि टेबलाखाली त्याच्या पायांची बोटं आवळलेली असतात. ती कुणाला दिसत नाहीत, मला कळतात. मी ती घट्ट धरून ठेवायचो.

यंदा आदिनाथची पाळी आली. आदिनाथ म्हणजे इंद्रभानचा थोरला. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. पोराने शेतकीची पदविका केली आणि मग दोन वर्षं नुसते अर्ज करत राहिला. आता जालन्यातल्या एका बियाणे कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. शेतकऱ्यांच्या शेतावर जाऊन बियाण्याचं पीक तपासायचं, असं काम. त्याला मनापासून हवं होतं ते. पण इंद्रभानने आधीच सांगून ठेवलं होतं.

"ह्या बारीला न्हाई जमलं, तर दसरा झाला की मामासंग पुण्याला जायचं. मार्केटात हमाल पाह्यजेत म्हणून राह्यला तो. आजून किती वाट पाहावं, तूच सांग."

बोलताना तो मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. रागाने बोलला असता तर आदिनाथने उलट उत्तर तरी दिलं असतं.

आशाबाई, म्हणजे आदिनाथची माय, मला दुर्गाबाईकडून घेऊन आली. पण पोराचा पाय लहान निघाला. तो चालला की मी टाचेला नुसता फटाफट वाजायचो. मग बहीण मनीषाने कापसाचे बोळे करून आमच्या टोकांत कोंबले. जीव गुदमरला माझा, पण सहन केलं.

तयारी लिंबाखाली चालायची. मनीषा पालथ्या घमेल्यावर साहेब होऊन बसे. स्वतः बारावीत, पण साहेब म्हणून फार कडक.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ."

"माय नेम इज आदिनाथ. आय अ‍ॅम फ्रॉम केदारखेडा. आय... आय..."

तिसऱ्या वाक्याला गाडी अडायची. रोज तिथेच.

"दादा, बराबर येतंय तुला. फुकट घाबरून राह्यला तू."

"साहेब काय घमेल्यावर बसत न्हाई, मने."

बसायचं कसं, हात कुठे ठेवायचे, पाणी दिलं तर प्यायचं की नाही, सगळ्याची तालीम झाली. दारातून आत कसं जायचं, याची तेवढी झाली नाही. लिंबाला दार नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी बसमध्ये आदिनाथ खिडकीशी बसून ओठ हलवत होता. आता त्याची बोटं माझ्या ताब्यात होती आणि ती गार पडली होती. कंपनीच्या ऑफिसात बाकावर पोरंच पोरं. बाकाखाली आम्हा बुटांची आपसात ओळखपाळख चालते. तिथले बाकीचे बूट ज्याच्या त्याच्या मापाचे होते. मला कापसाची लाज वाटली. पण म्हटलं, पायगुण माझ्याकडे आहे, बघून घेऊ.

आतून हाक आली, "आदिनाथ कोण? या."

तो उठला. काचेचं दार, आत पांढरीशुभ्र फरशी, समोर देवाच्या तसबिरीला उदबत्ती लावलेली. आणि पुढे काय होणार, ते मला कळून चुकलं. केदारखेड्यात कुणाच्याही घरी जा, चप्पल उंबऱ्याबाहेर. शाळेतसुद्धा वर्गाबाहेर चपलांची रांग. मोठं माणूस बसलंय तिथे पायात घालून जायचं नाही, हे त्याच्या पायांना डोक्याआधी ठाऊक. मी सैल होतोच. नाडी न सोडताच त्याने दोन्ही पाय सटकन बाहेर काढले आणि मोज्यांवर आत गेला. डाव्या मोज्याच्या टोकाला कापसाचा बोळा चिकटून तसाच गेला.

अरे पोरा, मला कुठे सोडून चाललास? माझं ओरडणं कोण ऐकणार!

दार अजून उघडं होतं. "मे आय कम इन, सर," तो आत पोचल्यावर म्हणाला. कुणीतरी हसलं. मग तोच प्रश्न. माय नेम इज आदिनाथ. आय अ‍ॅम फ्रॉम केदारखेडा. आय...

मग शांतता. लिंबाखाली एवढी लांब शांतता कधी झाली नव्हती. त्याची बोटं आवळली असणार आणि धरायला मी नव्हतो. मला कधी नव्हे ते रडू आलं.

"ते दार लावा हो, एसी चालू आहे," आतून आवाज आला आणि शिपायाने दार लावून टाकलं. पुढचं मला काहीच ऐकू आलं नाही.

बाकावरचा एक जण म्हणाला, "कोण हाय बे हा? मंदिरात आला काय?" सगळे खिदळले. फरशी पुसायला आलेल्या साळूबाईंनी आम्हाला फडक्याने ढकलत बाकाखाली सारलं. ओल्या फडक्याचा वास आणि वर ती पोरं. मी दाराकडे बघत पडून राहिलो. आता पुण्याची हमाली नक्की, असं मी धरूनच चाललो.

आदिनाथ बाहेर आला, तेव्हा आम्हाला शोधत वाकला. चेहऱ्यावरून काही कळेना. परतीच्या बसमध्ये त्याने ओठसुद्धा हलवले नाहीत.

मनीषा वाटच बघत होती. तिने त्याला लिंबाखाली ओढलं.

"काय झालं?"

"बूट काढून आत गेल्तो मी. ध्यानातच न्हाई आलं."

"काय! आरं दादा, पायगुण बाहेर ठिवून गेल्ता तू!" तिने तोंडावर हात ठेवला. "मायला बिलकुल सांगू नको. मंग?"

"मंग अडकलो. त्यांनी मोज्याचा कापूस पाह्यला. हे काय म्हणले. म्हणलं, सर, बूट दुसऱ्याचे हायेत, मोठे होतेत, म्हणून कापूस घातला. आन् मराठीत बोललो तर चालंल का म्हणलं."

"मंग?"

"बोललो. लई बोललो. कळवतो म्हणले."

मनीषाचा चेहरा पडला. कळवतो म्हणणाऱ्यांनी आजवर या घरात कधी काही कळवलं नव्हतं.

दिवस जात राहिले. आदिनाथ मेंढरांमागेही फोन हातात धरून फिरायचा. दसरा झाला आणि फोन आला तो मामाचा, उद्या निघ म्हणून. आशाबाईने पिशवी भरायला घेतली. चटणी, भाकरी, दोन सदरे. मी ओट्यावर खोक्यात होतो. जाताजाता मला दुर्गाबाईकडे पोचवायचं ठरलं होतं. इंद्रभान पिशवीचं तोंड सुतळीने बांधत असताना पुन्हा फोन वाजला.

"हां सर... हो, मीच... सोमवारी? येतो सर."

आदिनाथने फोन खिशात ठेवला. "लागलो, आबा."

इंद्रभानने सुतळी सोडली. मेंढरांच्या वाड्यात गेला आणि तिथे उभा राहून उपरण्याने डोळे पुसत राहिला. आशाबाईने आधी पोराला नाही, मला छातीशी धरलं! माझ्या टोकावर हळदीकुंकू वाहिलं. "ह्यानंच लावली माझ्या लेकराला नौकरी," म्हणाली. मनीषाने भावाकडे पाहिलं, भावाने जमिनीकडे. आणि मी? लाजेने मेल्याहून मेल्यासारखा झालो.

काल गल्लीतला मिथुन दुर्गाबाईला विचारून मला न्यायला आला. त्याची परवा मुलाखत आहे. आदिनाथने स्वतः मला खोक्यातून काढून त्याच्या हातात दिलं.

"भाऊ, आत गेल्यावर भेव वाटलं का?"

"वाटलं."

"मंग?"

"मंग बोललो."

आणखी काही सांगायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण मिथुन माझ्यावरच्या वाळलेल्या कुंकवाकडे इतक्या भरवशाने बघत होता की तो गप्प बसला.

म्हणून मी बोलतोय. मिथुन, आणि तुझ्यानंतर जे कुणी मला घालाल त्यांनो, मी तुम्हाला दारापर्यंत नीट नेईन. कापूस कोंबा, गुदमरेन, पण नेईन. फक्त कुंकू तेवढं पुसून टाका. आदिनाथला नोकरी लागली, तेव्हा मी बाकाखाली ओल्या फडक्याशेजारी पडलो होतो. आत तो एकटा होता, नुसत्या मोज्यांवर.