जिभेवरची गोळी

"दाबायची नाही आई, फुटेल. पट्टीची पन्नी मागून सोलायची," नीलम म्हणाली आणि कोरड्या बोटांनी तिने ती पांढरी गोळी सासऱ्यांच्या जिभेवर ठेवली.

मधाची वाटी घेऊन शांताताई दारातच थबकल्या. तीन वर्षांपूर्वी जयसिंहरावांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांना गोळी गिळता येत नव्हती. गुडघ्यांची सूज मात्र हटत नव्हती. रोज सकाळी नाश्ता झाला की शांताताई सुजेवरची गोळी कुटायच्या, मधात कालवून बोटाने थोडी थोडी चाटवायच्या. वीसेक मिनिटं जायची. एरवी मोजून चार शब्द बोलणारा त्यांचा नवरा तेवढ्या वेळात मोकळा व्हायचा. किला गेटपाशी उडवलेले पतंग, लहानपणीच गेलेला भाऊ, काय काय सांगायचा.

"अरे वा, पुदिन्याची! विरघळली पण?" जयसिंहराव खुलले. "कमाल केलीस, नीलम."

सून पाटणकर बाजारातल्या मेडिकलमध्ये कामाला होती. डॉक्टरांना विचारून तिनेच ही गोळी आणली होती. शांताताईंनी मधाची वाटी परत आत नेली. तीन वर्षांत त्यांना कुणी 'कमाल' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी सापडेना.

"इथेच तर ठेवली होती मी," नीलम शोधत राहिली.

"राहू दे. मी देते जुनीच कुटून."

जयसिंहराव चाटता चाटता काहीतरी सांगत होते. मधेच ठसका लागला. श्वास अडकला, डोळे फिरले. नीलम धावत आली, त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारत राहिली. कितीतरी वेळाने श्वास मोकळा झाला.

"तुमची काही गलती नाही, आई," ती धापा टाकत म्हणाली.

ते ऐकवेना. शांताताईंनी तुरीच्या डब्यात हात घालून पट्टी काढली आणि सुनेसमोर ठेवली.

"मीच लपवली होती."

नीलमने पट्टी उचलून त्यांच्याच हातात दिली.

"उद्यापासून तुम्हीच देत जा," ती म्हणाली. "फक्त हात कोरडे असू द्या."

सकाळी शांताताईंनी दोनदा हात पुसले, पन्नी सोलली, गोळी जिभेवर ठेवली. जयसिंहराव काही बोलू लागले.

"थांबा. विरघळू दे आधी."

दोघं गप्प बसली. क्षणभरात त्यांनी तोंड उघडून दाखवलं. जिभेवर काही नव्हतं.

"काय सांगत होतात?"

"कोण जाणे. विसरलो," म्हणत जयसिंहरावांनी पेपर उघडला.

शांताताई तशाच वीसेक मिनिटं त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.