तिसरी खेप

ताई ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिली आणि इंजिन बंद होईपर्यंत तिथून हलली नाही.

"ताई, बाजूला हो," तिचा धाकटा भाऊ वरून ओरडला. "वजन झालंय. ट्रॉली काट्यावरून खाली घ्यायचीय."

"आकडा आलाय," ताई म्हणाली. "वजन अजून व्हायचंय."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नुसती ट्रॉली होती, ट्रॅक्टर पुढे जमिनीवर. काट्याच्या खोलीवर लाल आकडे दिसत होते. त्यातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा केले की उसाचे राहत होते नऊ टन चारशे किलो. ताईला हवे होते साडेनऊ. एक क्विंटल कमी. एवढा ऊस तोडणीच्या वेळी तुडवातुडवीत वाया जातो आणि कुणी त्याकडे वळून बघत नाही. पण आज त्या एका क्विंटलवर तिचा एक एकराचा तुकडा अडकला होता.

अडकवला होता तिनेच. वीस वर्षे कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर मान मोडून ती गावी परतली, ती वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा मागत. वाटा मिळाला. कारखान्यातून जमवलेले होते नव्हते ते तिने त्या मातीत घातले. पहिल्या वर्षी ऊस लावला. तो तुटल्यावर त्याच्या बुडख्यांतून जो पुन्हा फुटतो तो खोडवा तिने राखायचा ठरवला, कारण एक एकरवाल्याच्या हाताला काही लागलेच तर ते खोडव्यात लागते. त्याला बेणे विकत घ्यावे लागत नाही, लागणीची मजुरी लागत नाही. भाऊ म्हणाला होता, खोडवा म्हणजे बायकांचे काम नव्हे, माती खाशील. तीस टन काढून दाखव, पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही निघाले तर तुकडा मला कसायला दे आणि आपल्या मशीनवर जाऊन बस.

ताई तिथल्या तिथे हो म्हणाली होती. रागाच्या भरात हो म्हणून बसणे हा तिचा जुना स्वभाव होता, आणि एकदा म्हटले की ते पाळणे हा त्याहून जुना.

पहिल्या दोन खेपांचे मिळून साडेवीस टन भरले होते. तिसरी खेप त्याच ट्रॉलीत, तेवढ्याच उंचीची. मोळ्या तर तिने स्वतः मोजून चढवल्या होत्या. त्यात एकीचाही फरक नव्हता. तरीही या खेपेचे वजन आधीच्यांपेक्षा टनाच्या जवळपास कमी आले होते.

"मोळ्या तेवढ्याच, ट्रॉली तीच," ती खोलीच्या खिडकीशी जाऊन म्हणाली. "मग बाकीचा ऊस कुणाच्या पोटात गेला, साहेब?"

आतल्या काटेवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. मागे उभ्या असलेल्या गाड्यांवरून माणसे खाली उतरू लागली. काटा चोर आहे यावर त्या रांगेचे एकमत होते. चहाच्या टपरीवर तो चोर होता, बांधावर चोर होता, घरी जेवताना चोर होता. फक्त या खिडकीसमोर आले की सगळ्यांचा आवाज बसायचा. आसपास दुसरा साखर कारखाना नव्हता, आणि पुढच्या हंगामातही ऊस घेऊन इथेच यायचे होते.

"बाई, रोज माझ्या माघारी माझ्या आईबापाचा उद्धार होतो," काटेवाला म्हणाला. "तोंडावर बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण काटा तपासायचा तर मापाची वजनं लागतात, आणि ती तपासणीवाला घेऊन येतो. वर्षातून एकदा."

"वजन मी बरोबर आणलंय," ताई म्हणाली आणि मागे वळली. "पिंप, ट्रॉलीवर चढ."

भावाला सगळे गाव पिंप म्हणत असे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायचा हक्क एकट्या ताईचा होता. मागच्या आठवड्यात गुडघा दुखतो म्हणून तो डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरांचा आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी त्याला उतरवून पुन्हा उभे केले होते. दोन्ही वेळा एकशे दहा. त्याच्या बायकोने ती बातमी संध्याकाळच्या आत गावभर पोचवली होती.

"वेड लागलंय का तुला?" भाऊ म्हणाला.

"एकशे दहाच्या जागी शंभर दाखवले तर काटा चोर. मग तुझ्या उसातली चोरीही पकडली जाईल. तुझा ऊस काय दुसरीकडे जातो?"

ही गोष्ट त्याला पटली. शिवाय रांग हसत होती, आणि नाही म्हटले तर ती जास्त हसली असती. तो ट्रॉलीच्या कडेला पाय लावून, दोर धरून, दोन जणांनी खालून रेटा दिल्यावर कसाबसा वर गेला आणि मोळ्यांवर मांडी घालून बसला. पोटावर ओढलेला शर्ट सारखा करत तो खाली बघू लागला. त्याला बघून ताईलाही हसू आले असते, पण तिचे डोळे लाल आकड्यांवर होते.

आकडे हलले, मागेपुढे झाले आणि थांबले.

एकशे दहाच वाढले होते. ना एक खाली, ना एक वर.

रांगेचा असा हिरमोड झाला की काय सांगावे. इतक्या वर्षांचा चोर हातातून निसटला होता. एका म्हाताऱ्याने तर काटा डॉक्टरला मिळालेला असणार असेही म्हणून बघितले. काटेवाला खोलीबाहेर आला, उन्हात उभा राहिला आणि आकड्यांकडे बघत बसला. त्याचे समाधान वाटून घ्यायला कुणी पुढे आले नाही.

ताईचा हिरमोड मात्र वेगळा होता. काटा खोटा असता तर सगळे सोपे होते. ती भांडली असती, आणि भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. मोळ्या तेवढ्याच आणि काटाही खरा, तर मग कमी काय झाले?

ती ट्रॉलीच्या मागे गेली. तळातले एक कांडे जोर लावून ओढून काढले आणि तोडलेल्या टोकाला अंगठ्याने दाबून बघितले. टोक तांबूस पडले होते, बोटाला चिकटपणा नव्हता. तिने कांडे गुडघ्यावर मोडले. ते ओल्या उसासारखे फटकन मोडले नाही, चिवटपणे वाकले.

हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. उसाच्या रानात लहानाची मोठी झालेल्या कुणालाही ठाऊक असते. तोडलेल्या उसाला ऊन चाटत बसते, आणि जे चाटले जाते त्याचे वजन कुठल्याच काट्यावर भरत नाही. पण काट्याला शिव्या घालायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की तिच्याही तोंडी पहिले नाव काट्याचेच आले. काट्याला शिव्या देणे सोपे असते. तो कुणाचा भाऊ नसतो.

तोडणीवाल्यांना पुढच्या गावी जायचे होते, म्हणून त्यांनी तिचा सगळा खोडवा एका दमात तोडला होता. दोन खेपा लगेच गेल्या. तिसरीच्या वेळी भाऊ ट्रॅक्टरवरून म्हणाला होता, हा ढीग राहू दे, उद्या नेतो. दुसऱ्या दिवशी तो तिच्या बांधावरून स्वतःचा ऊस भरून गेला, जाताना हात हलवून. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेला. ती त्याला विचारायला गेली तेव्हा तो म्हणाला, वर पाचट टाक, काही होत नाही. तिने उसाचा वाळका पाला पसरून ढीग झाकला. एक एकरात ट्रॅक्टर परवडत नाही. ज्याला परवडतो त्याचा ऊस आधी जातो, आणि बाकीच्यांनी त्याच्या 'उद्या'कडे डोळे लावून बसायचे. ती सहा दिवस बसली होती.

"पिंप," तिने मान वर करून विचारले, "उद्या म्हणजे किती दिवस रे?"

 पोटावरचा शर्ट त्याने पुन्हा एकदा सारखा केला.

"माझाही ऊस होता ना, ताई," तो म्हणाला. "ट्रॅक्टर एकच आहे."

"तुझा ऊस उभा होता. उभा ऊस वाळत नाही. पडलेला आधी उचलायचा, मग उभ्याला कोयता लावायचा, हे बाबांनी आपल्या दोघांनाही एकाच दिवशी शिकवलंय. मी विसरले नाही. तू विसरलास का?"

विसरला नव्हता. ते त्याच्या तोंडावर दिसत होते. त्याने मुद्दाम केले होते की नुसता चालढकल करत राहिला होता, हे कदाचित त्यालाही सांगता आले नसते. तो उंच बसला होता, सगळे त्याला बघत होते आणि खाली उतरायला कुणाचा तरी हात लागणार होता.

तेवढ्यात रांगेतून कुणीतरी हिशेब करून ओरडले, "अहो, एक क्विंटलच कमी आहे ना? मग मोळ्यांवरच्या माणसालाही उसात धरा! तीस भरून वर दहा किलो उरतात!"

हशा पिकला. पण हसता हसता सगळ्यांच्या लक्षात आले की ही नुसती गंमत नाही. लाल आकडे अजून तसेच होते, माणसासकट. काटेवाल्याने खोलीत जाऊन बटनावर बोट ठेवले आणि खिडकीतून ताईकडे बघितले. ती जिंकलेली त्यालाही बघायची होती. आज तिच्यामुळे तो पहिल्यांदा खरा ठरला होता.

"बोला, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "कुठलं वजन घेऊ?"

ताईने त्या आकड्यांकडे बघितले. मनात आले, घ्यावे. ज्याने टनभर ऊस उन्हात घालवला त्याचेच वजन त्या उसात भरून निघाले तर चूक काय? क्षणभर तिला ते इतके न्यायाचे वाटले की तिचे ओठ हललेसुद्धा.

"नको," ती म्हणाली. "काटा खरा निघालाय, त्याला आजच्या आज खोटं पाडू नका. पिंपाला खाली उतरवा आणि नुसत्या उसाचं घ्या. जेवढं आहे तेवढं."

दोघातिघांनी हात देऊन भावाला खाली आणले. तो आला तो थेट ताईसमोर. अंगाला चिकटलेले पाचट झटकत त्याने आकडे उतरलेले बघितले. नऊ टन चारशे.

"म्हणजे तीस नाहीत," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता, पण म्हटल्याशिवाय त्याला राहवले नाही.

"नाहीत."

"मग तुकडा?"

"तुकडा देणार नाही."

आजूबाजूचे पुढे सरकले. ताई बोलल्या शब्दाला जागते हे यातल्या निम्म्यांना माहीत होते. शिलाईच्या कारखान्यातही तिची हीच ख्याती होती. ते 'नाही' तिच्या स्वतःच्या कानांनाही नवे होते. पण ते बाहेर पडल्यावर तिला जे वाटले ती लाज नव्हती. बऱ्याच दिवसांनी पाठ सरळ झाल्यासारखे तिला वाटले.

"तू शब्द दिला होतास, ताई. घरातल्या सगळ्यांसमोर."

"दिला होता. आता त्याहून जास्त लोकांसमोर मोडतेय. जाऊन सांग सगळ्यांना. शब्द तूही दिला होतास, पिंप. उद्याचा."

 रांगेत मागे कुणीतरी दोनदा हॉर्न वाजवला. काटेवाल्याने खिडकीतून पावती पुढे केली, ताईने ती घेतली आणि न वाचता घडी घातली.

भाऊ ट्रॅक्टरवर चढून बसला. ताई शेजारी मडगार्डवर बसली, येताना बसली होती तशीच. त्याने इंजिन सुरू केले, पण गाडी पुढे काढली नाही. समोर बघतच तो म्हणाला,

"बुडख्यांना पाणी कधी सोडणार आहेस? तोडून आठवडा होत आला. सुकली तर फुटायची नाहीत."

तिला कळले की त्याने तुकडा सोडला. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितले नाही.

"आज."

"आज विहिरीची पाळी माझी आहे, ताई. माझी नवी लागण तहानलीय."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "तू उद्या घे."