टिंबाची जागा

आईच्या सांगण्याप्रमाणे 'निवांत' हा शब्द असा जन्मला. वारा बिचारा बेघर. दारोदार हिंडायचा, कड्या वाजवायचा, आणि लोक खिडक्या लावून घ्यायचे. एका बाईनं मात्र दार उघडून म्हटलं, "बस रे आधी. मग सांग काय ते." तो तिच्या छपरावर टेकला, आणि जग पहिल्यांदा निवांत झालं.

बाबा हसायचे. "अगं, मूळ शब्द निवात. जिथं वारा नाही ते."

"नाही कसा? 'वा'च्या डोक्यावरचं टिंब बघा. बसलाय की दमून!"

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे वावटळच म्हणायचे. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन माझ्या दारात आली. "ताई, मी इथंच राहू का?" दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं, फार जुना नेम. मी हात वर करून 'थांब' म्हटलं. तिनं ते 'नको' असं वाचलं. बारा वाजता तोंड उघडायला मोकळी झाले, तेव्हा जिना रिकामा होता. या गोष्टीला सहा वर्षं झाली. रोज जप संपला की एकच मागणं मागते.

मी पितळी पाट्या कोरते. गेल्या आठवड्यात मालकांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. "फोनवरची ऑर्डर. बाई जरा तिखट होती हं. पत्ता विचारला तर म्हणे, माणूस पाठवून नेईन."

चिठ्ठीत होतं : 'निवांत. टिंब नीट बसवा, दमून आलंय.'

मी छिन्नी खाली ठेवली. आमची वावटळ कुठंतरी घर करून राहिली होती, दारावर आईचा शब्द लावणार होती, आणि माझं तोंडही न बघता पाटी मागवून घेणार होती.

मी पाटी कोरली. टिंब सोडून. जाणूनबुजून केलेली चूक म्हणजे खोटेपणाच; देवापुढे कबूल केलं आणि तशीच पाटी कागदात गुंडाळून तिच्या माणसाकडे दिली.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता दुकानाचं दार धाडकन उघडलं. कानशिलावर पांढरे केस आले होते, आवाज मात्र तोच.

"टिंब कुठाय? 'निवात' काय, निवात! बाबांची बाजू घेतलीस होय?"

मालक गडबडले. "बाई, त्यांचं बारापर्यंत मौन असतं."

"माहितीये मला! हिचं कायमच मौन असतं!" पाटी टेबलावर आपटून ती वळली.

माझा हात आपोआप वर गेला. तोच हात, तसाच. मी तो खाली घेतला.

"बस गं आधी," मी म्हणाले. "मग सांग काय ते."

मालकांचा चहा बशीत सांडला. ती दाराशीच थबकली. मग परत आली, स्टूल ओढलं आणि बसली.

मी पाटी पुढ्यात घेतली, 'वा'च्या वर छिन्नी टेकवली.

"जरा मोठं कर," ती नाक पुसत म्हणाली. "ऐसपैस बसू दे."