टेकडीवरचं फुरसं

डॉक्टरबाईंनी धाकट्याचं रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी नळी आडवी करायची. रक्त गोठलेलं असलं तर सुटलो. वाहिलं तर विष अजून अंगात आहे. कालपासून तीनदा वाहिलं होतं. आता चौथ्यांदाही वाहिलं.

धाकटा माझा सख्खा भाऊ. लोकांच्या घरात निघालेले साप तो पकडतो आणि मी कॉलेजच्या संग्रहालयात मेलेले साप मोजते. काल टेकडीवर गवत कापणाऱ्या बायकांनी त्याला बोलावलं, आणि फुरसं धरताना ते त्याच्या अंगठ्याला चावलं. आता त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

"मॅडम, वीस कुप्या प्रतिविष दिलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लागू का पडत नाही? फुरसंच होतं ना?"

"फुरसंच," मी म्हणाले. पण ते टेकडीवरचं होतं.

टेकडीवरचं फुरसं आणि खालचं फुरसं एकच, हा निकाल माझा. नऊ वर्षांपूर्वी बरण्यांतले दोनशे साप काढून मी त्यांचे खवले मोजले. आकडे जुळले. रंग पाहायचा प्रश्नच नव्हता, अल्कोहोलात वर्षभरात सगळे साप सारखेच मळकट होतात. तेव्हा धाकटा म्हणाला होता, "ताई, ही दोन वेगळी आहेत गं. वरचं पहाटे फिरतं, खालचं तिन्हीसांजेला. पायथ्याशी दोन्ही सापडतात, पण त्यांची जोडी जमलेली मी एकदाही पाहिली नाही. अधल्यामधल्या रंगाचं पिल्लूही नाही."

शेजारी राहूनही एकमेकांत वीण होत नसेल तर प्रजाती वेगळ्या, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आणि त्याला काय म्हणाले? "तू साप पकड, डोकं चालवायचं काम माझं." वर हसलेही.

माझा शोधनिबंध वाचून प्रतिविष बनवणाऱ्या कारखान्याने टेकडीवरच्या सापांचं विष घेणं थांबवलं. एकच जात, मग दोन औषधं कशाला? त्या जुन्या औषधाच्या सहा कुप्या संग्रहालयाच्या फ्रिजमध्ये पडून होत्या, मुदत संपून तीन वर्षं झालेल्या.

खोटं कशाला बोलू? भावाच्या तोंडातून रक्त येत होतं आणि मला माझ्या निबंधाची पडली होती. मला स्वतःचीच किळस आली.

"डॉक्टरबाई, माझं चुकलंय," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

"मुदत संपलेलं? आणि उलटलं तर?"

"नाही दिलं तर काय होईल?"

"आणा," त्या म्हणाल्या. मी संग्रहालयाकडे पळत सुटले.

सहाही कुप्या त्याच्या शिरेत गेल्या. सहा तासांनी पुन्हा रक्त, पुन्हा नळी. मी काट्याकडे बघत बसले. वीस मिनिटं झाली. डॉक्टरबाईंनी नळी हळूच आडवी केली, मग पार उलटी केली. रक्त जागचं हललं नाही.

मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.

त्या आवाजानेच बहुधा धाकट्याने डोळे उघडले. "कुठलं दिलंत?"

"वरचं. जुनं होतं ते. तुझंच बरोबर होतं रे."

एरवी त्याने यावरून मला वर्षभर पिडलं असतं. आता त्याने एवढंच विचारलं,

"किती उरलंय?"

"नाही उरलं."

त्याने खिडकीकडे मान वळवली. बाहेर चांगलं उजाडलं होतं.

"ताई, गवत अजून निम्मंही कापून झालेलं नाही," तो म्हणाला. "तीस बायका आहेत वर."