चोच मिटेपर्यंत

सादाएबाईंचं पत्र ओकाबायाशींनी कोंबड्यांच्या वंशावळीच्या वहीत ठेवलं होतं. वही उघडली की आधी ते पत्र पालथं घालायचे, मग पान शोधायचे. असं तीन वर्षं चाललं होतं.

पत्रात एकच प्रश्न होता. हे गेले, आणि गाव सोडताना मी यांचे पक्षी तुमच्याकडे सोपवले; त्यांची बांग अजून तेवढीच लांब आहे ना?

जपानच्या तोसा भागातल्या या जातीचं सारं मोल बांगेत. नर मान उंचावून सूर लावतो आणि तो ओढत ओढत जवळजवळ जमिनीपर्यंत वाकतो. बाईंच्या नवऱ्याचे पक्षी सोळा सेकंद आरवायचे. ओकाबायाशी जुन्या पाळणाऱ्यांसारखे डोळे मिटून ऐकत, आणि त्यांच्या घड्याळात आता नऊच भरत. त्यांनी माद्या बदलून पाहिल्या, दाण्यात सुक्या मासळीचा चुरा घातला, शेवटी लाजेनं बांगेच्या स्पर्धेला जाणंच सोडलं. जन्म ग्रंथालयात घालवलेल्या माणसानं दुसऱ्याचा वंश हाती घ्यायला नको होता, असं त्यांना वाटे.

त्या सकाळी पोस्टातली मित्सुए टपाल घेऊन आली तेव्हा तांबडा नर आरवत होता. नऊ सेकंदांवर घड्याळ थांबवून त्यांनी डोळे उघडले आणि तिला 'या' म्हणाले. तिनं ओठांवर बोट ठेवलं, ते बऱ्याच वेळानं काढलं.

"अहो, बांग चालू असताना बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"तो तर थांबला होता."

"थांबला? चोच बघा की त्याची."

ओकाबायाशींनी घड्याळ तिच्या हाती दिलं आणि पुढच्या बांगेला डोळे उघडे ठेवले. सूर विरला. पण चोच उघडीच होती. गळ्याची पिसं थरथरत होती, मान खाली खाली जात होती.

"सतरा," मित्सुए म्हणाली. "शेवटी डासासारखा बारीक होतो. तो तुम्हाला..." ती अडखळली.

ओकाबायाशी हसायला लागले, इतके की माद्या दचकून पांगल्या.

"म्हणजे आखूड झाले ते माझे कान."

"ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी रोज फाटकातून उगीच का ओरडते?"

तिला थांबवून त्यांनी उभ्याउभ्याच सादाएबाईंना कार्ड लिहिलं: 'पक्षी उत्तम आहेत. शेवटचा भाग मला ऐकू येत नाही. एकदा येऊन ऐका आणि कसा आहे ते मला सांगा.'

मित्सुएनं कार्ड पिशवीत टाकलं. तिची गाडी वळणाआड गेली तसा नर पुन्हा आरवला. ओकाबायाशींनी घड्याळ खिशात ठेवलं आणि चोच मिटेपर्यंत ते पाहत राहिले.