पाव फेरा

कोरियातल्या डेजॉनच्या या प्रयोगशाळेत मी आतापर्यंत तीन हिरे फोडलेत. टाककाकांनी त्यांचे तुकडे दह्याच्या पिटुकल्या बाटलीत भरून माझ्या संगणकासमोर ठेवलेत. मला रोज दिसावेत म्हणून.

काका म्हणजे आमचे यंत्रांचे जाणकार. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये स्फटिकाचा कण दाबायचा, तर ते ज्या पोलादी पेटीत बसवलेत तिचे चार स्क्रू आवळावे लागतात. दोन सुलट्या आट्यांचे, दोन उलट्या आट्यांचे. दोन्ही हातांत एकेक ॲलन की, म्हणजे स्क्रूची षटकोनी किल्ली, घ्यायची आणि एकाच वेळी एकमेकींच्या उलट फिरवायची. एकच बाजू फिरली की हिरा टचकन तडकतो. त्या दिवशी तर शेवटचा कण होता. तो बनवणारी बाई नोकरी सोडून बुसानला गेलेली. हा गेला की माझी तीन वर्षं आणि पीएचडी, दोन्ही पाण्यात.

आणि नेमका काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये! क्रीडादिनाला जोकगू खेळताना पडले.

"पायाने खेळायचा खेळ काका, आणि मोडला हात?"

"तोंड बंद सोरिम, हात पुढे. उजवी बाजू तुझी, डावी माझी. मी मोजेन तसं फिरव."

खांद्याला खांदा लावून आम्ही फिरवत गेलो. पडद्यावर कणाशेजारच्या माणकाची तांबडी रेघ सरकत होती. तिच्यावरून दाब कळतो. हवेच्या ऐंशी हजार पट. नव्वद. लाखाच्या पुढे लेसरचा ठोका बसला की यातले रेणू एका तालात थरथरतील, असं मी छातीठोक सांगितलं होतं. प्रोफेसर हसले होते.

पंच्याण्णव हजार. लेसर सोडला. डोळ्याची पापणीही ज्याच्यापुढे युगानुयुगं लवत असते, असा तो ठोका. आलेखाची रेघ खाली गेली आणि गुपचूप वर आली. थरथर नाही.

"अजून पाव फेरा!"

"थांब."

"पाचच हजार राहिलेत हो!"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." काकांनी आपली की खिशात टाकली. "माझे नूडल्स फुगतायत." आणि गेलेसुद्धा!

माझा नुसता संताप झाला. एक की माझ्या हातात होती. एकटीने फिरवली तर बाटलीत चौथ्या हिऱ्याचे तुकडे पडणार. चरफडत बसले.

दहा मिनिटांनी माणकाची रेघ जराशी सरकली. कुणीही हात लावला नव्हता. आवळलेलं पोलाद सावकाश बसत होतं आणि दाब आपोआप चढत होता. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. तिन्ही हिरे मी याच टप्प्यावर फोडले होते, चढत्या दाबावर वरून पाव फेरा देऊन. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चाळीस मिनिटं. एक लाख एक हजार. लेसर सोडला. आलेखाची रेघ खाली गेली आणि वर येताना तिच्यावर लाटा! तीन, पाच, सात लाटा!

मी किंचाळले. काका ओठांना नूडल्सचा काळा सॉस तसाच ठेवून धावत आले. पडदा पाहिला आणि डाव्या हाताने प्लास्टरवरच टाळ्या पिटायला लागले.

"मग?" त्यांनी खिशातून की काढली. डोळे लकलकत होते. "देऊ या पाव फेरा? दीड लाखाला काय होतंय बघू! चल, चल, लवकर!"

मी माझी की खिशात टाकली.

"माझे नूडल्स कुठेत, काका?"